राहेल तर केव्हाच गेली

पोडिअम्माला ताप भरला, अँब्युलन्स आली आणि तिच्यासोबत गेले ते नुसते कागद. वृद्धाश्रमात एलियाम्माचा पलंग तिच्या पलंगाला लागूनच. एकीचा डोळा लागेपर्यंत दुसरीचं बोलणं चालायचं. आता एलियाम्मा भिंतीशी काय बोलणार?

मग एका सकाळी आश्रमाच्या मेट्रन शोशाम्माने हॉस्पिटलचा फोन ठेवला आणि सुस्कारा सोडला. “ताप उतरलाय, पण म्हातारीला भ्रम झालाय म्हणे. राहेल म्हणून हाक मारली की म्हणते, राहेल मेली. सलाइन उपटते, म्हणून हात बांधलेत. अशा बाईला सांभाळायला मी माणसं कुठून आणू? दुसरीकडेच पाठवा म्हटलं.”

“मला आधी तिकडे न्या,” एलियाम्मा म्हणाली.

“तुम्ही जाऊन काय करणार, अम्मच्ची?” म्हाताऱ्या बायकांना तिथे सगळे अम्मच्चीच म्हणत.

“हाक मारून बघते.”

मेट्रन तिला घेऊन वॉर्डात आली, तेव्हा नर्स जिन्सी पोडिअम्मावर वाकली होती. “राहेल अम्मच्ची, डोळे उघडा बघू.”

“ती गेली गं,” पोडिअम्मा मिटल्या डोळ्यांनीच वैतागली. “अंगणातला फणस पडला, त्याच पावसाळ्यात गेली. किती जणींना सांगू?”

एलियाम्माला हसू फुटलं, मग डोळे भरून आले.

“अगं, खरंच सांगतेय ती! राहेल म्हणजे तिची आजी, बापाची आई. थोरल्या नातीला चर्चमध्ये आजीचंच नाव देतात ना? पण सासूचं नाव घेऊन सून पोरीवर ओरडणार कशी? म्हणून राहेल फक्त कागदावर, घरात पोडिअम्मा. जन्मभर पोडिअम्माच.”

जिन्सीने कपाळावर हात मारला. “माझंही चर्चमधलं नाव आजीचंच, मरियम! तरी डोक्यात आलं नाही. पाठवताना कुणीतरी सांगायचं तरी!” मग ती हळूच म्हणाली, “पोडिअम्मच्ची?”

डोळे लगेच उघडले. “काय गं? पेज आणलीस? आणि ही एलियाम्मा रडतेय कशाला? मेलेय का मी?”

जिन्सी हाताच्या पट्ट्या सोडू लागली. मेट्रन दुसऱ्या हाताची पट्टी सोडायला पुढे झाली. मग म्हणाली, “तिचा पलंग झाडून ठेवायला सांगते. आणि यापुढे आपल्याकडून कुणीही आलं, तर हाकेचं नाव ठाऊक असलेलं माणूस सोबत येईल.”

जिना उतरताना तिने विचारलं, “तुमचं घरचं नाव काय हो?”

एलियाम्मा कठड्याला धरून थांबली. ते नाव घेणारं आता कुणी उरलंच नव्हतं.

“कुंजुमोळ,” ती म्हणाली.

“जपून उतरा, कुंजुमोळ अम्मच्ची,” मेट्रन म्हणाली आणि तिने हात पुढे केला.