बारावी खूण

हॉस्टेलमधून निघताना गाइडने यादी पुढे केली आणि तिने सवयीने दोन नावांपुढे खूण केली. एक स्वतःच्या, एक ताईच्या. जुनी ठिकाणं बघायची ही सहल ताईनेच ठरवली होती. ताईला जाऊन आज एकवीस दिवस झाले होते. हल्ली तिला काही होतच नसे. घरात सगळे हुंदके देत होते तेव्हा ही चहाचे कप विसळत होती, आणि मावशी म्हणाली होती, "दगड आहे नुसती."

गाइडची मोजणीची तऱ्हा न्यारी होती. डोकी मोजायचा आळस, गाडी सुटताना तो नुसता विचारायचा, "आपापला जोडीदार आला का?" सगळे ओरडायचे, "आला!" तिच्या शेजारच्या सीटवर ताईची सॅक होती. तीही म्हणायची, "आली."

पडकं मंदिर झालं, कोरडा हौद झाला, नुसते खांब उरलेला दरबार झाला. हॉस्टेलात वरच्या बर्थवर झोपणारा लंबू दिसेल त्या दगडाचा फोटो काढत होता. खोलीतली निवृत्त नर्स पायरीपायरीला गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत होती. ताईच्या या धाकट्या बहिणीला सगळं दिसत होतं, पण आत काही पोचत नव्हतं.

शेवटच्या किल्ल्यावरचा पहारेकरी मात्र वस्ताद निघाला. यादीवरून आत बारा सोडलेले, बाहेर डोकी अकरा. "एक माणूस आत आहे. सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही," तो म्हणाला.

गाइडची पाचावर धारण बसली. सगळ्यांचे जोडीदार शेजारी होते, फक्त तिच्या शेजारी कुणी नव्हतं. "अहो, तुमची ताई कुठे आहे?"

एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते तिने आजवर कुणापुढे उच्चारलंच नव्हतं. नातेवाइकांना फोनसुद्धा भावजींनी केले होते. तेवढ्यात सगळे धावलेसुद्धा.

"ताई! ओ ताई!" लंबू बुरुजावर चढला. नर्सबाई तळघराच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, सापडेल. पाय मुरगळून बसली असेल कुठेतरी."

ज्यांनी ताईला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी तिच्यासाठी आकाशपाताळ एक केलं. ती एकटीच कमानीखाली गेली. "ताई," तिने हळूच हाक मारली. मग मोठ्याने. आणि कान देऊन थांबली, घरी "आले गं" ऐकू येईपर्यंत थांबायची तशी.

उत्तर आलं नाही.

फाटकाशी परतली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता. तिने गाइडच्या हातातली यादी घेतली आणि ताईच्या नावावर रेघ मारली. "शोधू नका. माझी ताई वारली. ही खूण मीच केली होती."

तळघरातून हाका अजून येतच होत्या.

"त्यांना आधी वर बोलवा," ती रडत म्हणाली. "त्यांचे गुडघे दुखतात."