नळबाबांचं पहिलं पाणी

आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं आणि त्याच्या आधी नळबाबा येतात. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळापाशी हंडे, बादल्या, डबे आणि त्यांच्यामागे अख्खी गल्ली. नळ आधी खोकतो, मग फुसफुस हवा सोडतो आणि मग बुळबुळीत पापुद्रे तरंगणारं तांबूस पाणी ओकतो. बाबा धारेवर हात धरून मंत्र सुरू करतात, "निवळ गं माये, निवळ! राग सोड, रंग सोड!" आणि बघता बघता पाणी निवळतं. लोक हात जोडतात. मला जांभई येते. नळासमोरच माझा दवाखाना आहे आणि पाणी येऊन गेलं की जुलाबाच्या पेशंटांची रांग नळाच्या रांगेशी स्पर्धा करते.

ते तांबूस पाणी बाबा फेकू देत नसत. "अंधारात कोंडून कोंडून जल तापलंय. हे तेज आहे तेज! पोटात गेलं की रोगाला जाळून काढील." लोक बाटल्या भरून न्यायचे. जुलाब झाले तर रोग बाहेर पडतोय आणि नाही झाले तर रोग पळाला. दोन्हीकडून बाबांचंच खरं. वाद घालून घालून माझा घसा बसला आणि शेवटी मी नाद सोडला.

मग माझी भाची आजारी पडली. चिमुरडी माझ्याच दवाखान्यातल्या खाटेवर, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी मीठ-साखरेचं पाणी कालवून वळले, तर वहिनी तिच्या तोंडाला तांबूस बाटली लावत होती.

"वहिनी! काय करताय?"

"पहिलं पाणी आहे, वन्सं. तुमच्या औषधाने पोर उठते आणि पुन्हा आडवी होते. आता मला बाबांचं बघू द्या."

मी बाटली हिसकावून घेतली. "आणि घरचा पिण्याचा हंडा कधी भरता?"

"सगळ्यात आधी. पाणी कधी जाईल याचा नेम आहे का? पिण्याचं आधी, वापरायचं नंतर."

घरातला सगळ्यात लख्ख घासलेला हंडा, आणि त्यात नळातलं सगळ्यात घाण पाणी. तेही मायेपोटी. पोर पुन्हा पुन्हा आजारी का पडत होती, हे मला तेव्हा कळलं.

"बाबांनी माझ्या डोळ्यांदेखत पाणी निवळून दाखवलंय," वहिनी म्हणाली. "तुम्ही काय दाखवलंत?"

"आज बाबांना पाठ फिरवून मंत्र म्हणू द्या. पाणी निवळताच मंत्र बरोबर थांबला, तर ही बाटली मी स्वतः पिईन. नाही थांबला, तर तुम्ही ओतून द्यायची."

दिवसभर भाचीला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ती झोपली, आणि संध्याकाळी पाणी यायच्या वेळेला आम्ही दोघी समोरच नळावर गेलो. "बाबा," मी म्हटलं, "आज जरा नळाकडे पाठ करून म्हणा. तुमचं तेज पाठीतूनही जात असेलच की." गर्दी हसली आणि बाबांना माघार घेता येईना. बाकीच्यांना मी बजावलं, कुणी अवाक्षर काढायचं नाही.

नळ खोकला. तांबूस धार सुटली. बाबा गरजू लागले, "राग सोड, रंग सोड!" हळूहळू धार पिवळसर झाली, मग पांढरी, मग बादलीचा तळ दिसू लागला. बाबा चालूच! बादली भरून वाहिली, दुसरी लावली. पाणी आरशासारखं आणि बाबा घामाघूम होऊन त्याला निवळायला सांगतायत. त्यांची मान हळूच वळायला लागली.

"बाबा, मागे नाही बघायचं," वहिनी म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग गल्लीला हसू आवरेना. मंत्र संपला म्हणून पाणी निवळत नव्हतं. पाणी निवळलेलं दिसलं की बाबा मंत्र संपवत होते, एवढीच करामत.

तेवढ्यावर भागणार नव्हतं. आदल्या आठवड्यात प्लंबरने फुटक्या पाइपाचा कापलेला तुकडा मी मागून घेतला होता, तो वहिनीपुढे धरला. "आत बोट फिरवा."

बोट बाहेर आलं ते तपकिरी, शेवाळल्यासारखं बुळबुळीत. तिने तोंड वाकडं केलं.

"हा थर जंतूंनी बांधलेला असतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, फुटक्या सांध्यांतून गटाराचंही आत झिरपतं. पाणी पुन्हा जोरात सुटलं की हा थर आणि गंज खरवडून निघतो आणि पहिल्या धारेत येतो. घाण वाहून गेली की पाणी आपोआप निवळतं. निवळलेल्यातही जंतू उरतात, म्हणून उकळायचं."

वहिनीने बाटली गटारात ओतली.

बाबा आता पलीकडच्या गल्लीत असतात आणि आमच्यातले निम्मे तिकडे जातात. पाणीखात्यात मी अर्ज घेऊन जाते, तिथला साहेब नेहमी जेवायला गेलेला असतो. चोवीस तास वाहतं पाणी मिळालं असतं, तर बाबांचं दुकान चाललंच नसतं. मी थकलेय, पण एवढं सांगते: चमत्कार दिसला की स्वतःला एकच विचारा, हा माणूस इथे नसता तरी हे झालं असतं का?

परवा पाणी आलं. वहिनीने पहिली बादली फरशी धुवायला ठेवली. पाणी जाईल या धास्तीने तिचा जीव वरखाली होत होता, तरी हंडा बाजूलाच. भाची तिच्या पदराला धरून उभी होती, अजून अशक्त, पण उभी.

"आई, हंडा शेवटी का?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "कारण त्यातलं तुझ्या पोटात जाणार आहे."