उसना कॅचर

डेल्बर्ट हॉस्टेटर आणि मी बेसबॉलच्या त्याच दोन संघांकडून खेळलो, पण एका संघात एक दिवसही खेळलो नाही. नदीच्या अलीकडे ग्रीनफोर्ड, पलीकडे टॉलव्हर. एक्कावन्न साली टॉलव्हरला कॅचर नव्हता आणि ग्रीनफोर्डच्या पिचरचा खांदा गेला होता. दोन्ही गावच्या शहाण्यांनी बसून ठरवलं. टॉलव्हरचा डेल्बर्ट इकडे चेंडू टाकायला आला आणि ग्रीनफोर्डचा मी तिकडे चेंडू धरायला गेलो. तीन वर्षांनी दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला आणि आमची परत अदलाबदल झाली. दोन्ही वेळा आम्ही पुलावर समोरासमोर भेटलो, खांद्यावर बॅगा घेऊन.

डेल्बर्ट नखांत पकडून एक चेंडू टाकायचा. तो वाटेत डुलत यायचा, कुठे जाणार हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. त्याच्यावर बॅट फिरवून मी कितीदा तोंडावर पडलोय! धरायला मात्र कधीच मिळाला नाही. आणि हा माणूस चाळीस वर्षं रोज सकाळी कॉफी पिताना म्हणतोय, "एल्विन, तुझ्या हातात तो टिकलाच नसता."

यंदा ऑगस्टमध्ये त्याने सांगितलं की बुधवारी मुलगी न्यायला येणार, अ‍ॅरिझोनाला, कायमचं. मी पॅनकेकवर सिरप ओतत राहिलो, प्लेट भरून वाहिली तरी. त्याच्या आधीच्या रविवारी म्हाताऱ्यांचा सामना होता, टॉलव्हर विरुद्ध ग्रीनफोर्ड. दोन्हीकडून खेळलेल्याने हव्या त्या यादीत नाव घालावं, असा रिवाज आहे. डेल्बर्ट आपल्या गावाकडूनच खेळणार, हे उघड होतं. मी गुपचूप टॉलव्हरच्या यादीत सही केली. मरायच्या आधी एकदा तो चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये हवा होता, बस्स.

रविवारी टॉलव्हरचा निळा शर्ट पोटावर ताणून मी मैदानात आलो. समोरून डेल्बर्ट आला, ग्रीनफोर्डच्या लाल शर्टात.

"गाढवा, हे काय घातलंस?" तो ओरडला.

"तू काय घातलंस ते बघ आधी!"

"अरे, मी तुझ्यासाठी आलो इकडे!"

"मग मी कुणासाठी गेलो तिकडे?"

माझी बायको लोर्ना बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. "सत्तरी आली, तरी पुलावरच भेटताय," ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या डावात ग्रीनफोर्डचा कॅचर रॉस्को गुडघा धरून खाली बसला. दुसरा कॅचर त्यांच्याकडे नव्हता. अशा वेळी आमच्याकडे बॅटिंग करणारा संघच आपला माणूस उसना देतो. मात्र उसन्याने खेळायचं इमानाने. माझ्या मेव्हण्याने, टॉलव्हरच्या हार्लनने, सगळीकडे नजर फिरवली. मी आधीच कॅचरचा जाळीचा मुखवटा चढवला होता. रॉस्को लंगडत बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी अ‍ॅपल-पाय विकणाऱ्या बायकांच्या टेबलाकडे चक्क धावताना दिसला. देव त्याचं भलं करो.

पहिला चेंडू माझ्या छातीवर बसला. दुसरा कानाजवळून गेला.

"टिकत नाही म्हटलं होतं ना!" डेल्बर्ट खूश.

"नीट टाक, लेका! माझी आजी याहून सरळ फेकायची!"

एकूण सहा सुटले. पण जे हातात बसले, त्यांचा तो मऊ धप्प आवाज! मी मुखवट्याआड रडत होतो, सांगायला लाज कसली?

शेवटचा डाव. ग्रीनफोर्ड एका धावेने पुढे, टॉलव्हरचे दोन गडी बाद, तिसऱ्या बेसवर हार्लन. फटका बसला आणि चेंडू गडगडत डेल्बर्टच्या पायाशी आला. पहिल्या बेसकडे फेकला असता तर फलंदाज सहज बाद होता. डेल्बर्टने तिकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे फेकला.

हार्लन धापा टाकत होम प्लेटकडे, माझ्या दिशेने धावत होता; तो पोचला की बरोबरी. "एल्विन, सोड! आपला शर्ट बघ!"

मी शर्ट बघितला नाही. चेंडू धरला आणि मेव्हण्याच्या ढेरीवर टेकवला.

तिसरा गडी बाद! सामना संपला. टॉलव्हरवाले मला फितूर म्हणाले, आणि हार्लन अजून बोलत नाही, बरंच आहे. डेल्बर्ट सावकाश चालत आला.

"चेंडू दे. पंचांना द्यायचाय."

"नाही देणार."

"एल्विन, सामना संपलाय रे."

"माहीत आहे," मी म्हणालो, पण ग्लोव्ह काही उघडला नाही. मग तोही हात पुढे करायचा थांबला आणि माझ्याशेजारी धुळीत बसला.