कांताच्या नावाचे डबे

अपूर्वाला सातवा महिना लागला होता आणि तिला आईच्या हातचं खावंसं वाटत होतं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं.

डोहाळ्यांना हे कळत नाही. दादरच्या घरात हवं ते मागवता येत होतं आणि मागवलंही जात होतं. तिचा नवरा प्रफुल्ल ऑफिसातून निघताना विचारायचा, "काय आणू?" ती सांगेल ते तो आणायचा, आणि दोन घासांत ती ताट बाजूला सारायची. तिला कुळथाची आमटीसारखी पातळ पिठी हवी होती. सुक्या जवळ्याची चटणी हवी होती, तेलात परतून लालभडक केलेली, तिची आई कांताबाई करायच्या तशी.

मग डिलाईल रोडच्या चाळीत एकटे राहणारे तिचे वडील, जगदीश तांबे, स्वयंपाकाला लागले. टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात या माणसाची नोकरी सरली होती. चहापलीकडे त्यांना काही येत नव्हतं. शेजारच्या वहिनींना विचारत, पातेली करपवत त्यांनी कांताबाईंच्या चवीच्या जवळ जाणारी पिठी जमवली. दिवसाआड प्रफुल्ल लोअर परळच्या ऑफिसातून घरी येताना चाळीत डोकावायचा आणि सासऱ्यांनी भरलेली पिशवी घेऊन यायचा. तिच्यात हॉटेलच्या पार्सलचे धुऊन ठेवलेले प्लास्टिकचे डबे असत. वाटेत सांडू नये म्हणून प्रत्येक डब्याला चिकटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचे वेढे घातलेले. घरी पोचेपर्यंत डबा गरम असे आणि झाकण वाफेने फुगलेलं.

अपूर्वा डोळे मिटून खायची.

"बाबा, आज अगदी आईसारखी झालीय!" ती फोनवर सांगायची. मग बाबा म्हणायचे, "बाय गो, परवा बोंबील बघतो हां."

परळच्या ज्या इस्पितळात तिचं नाव घातलं होतं, तिथे गरोदर बायकांचा एक अभ्यास चालू होता. प्लास्टिक मऊ, लवचीक करण्यासाठी त्यात जी रसायनं घालतात, त्यांचे अंश शरीरात कितपत सापडतात हे त्यात तपासत होते. अपूर्वानेही लघवीचा नमुना दिला. बाटली काचेची होती.

"काचेची कशाला? हातातून पडली तर?" तिने विचारलं.

"जपून धरा," अभ्यासाचं काम पाहणाऱ्या डॉक्टर मनाली हसल्या. "आम्ही प्लास्टिकमधलंच काहीतरी शोधतोय. ते बाटलीतूनच आलं असं व्हायला नको."

अहवाल आला तेव्हा त्यांनी अपूर्वाला बोलावून घेतलं. रसायनं जवळपास सगळ्यांमध्येच सापडली होती. अपूर्वाचं प्रमाण मात्र बरंच वर होतं.

"म्हणजे बाळाला काही..." अपूर्वाचा आवाज चिरकला.

"लगेच तिथे जाऊ नका. ही तपासणी आजार सांगत नाही. बाळाला काही झालंय असंही सांगत नाही. पण यातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. त्यामुळे या दिवसांत जेवढं कमी जाईल तेवढं बरं. आणि चांगली गोष्ट अशी की, ही फार काळ अंगात टिकत नाहीत. येणं थांबलं की लवकर उतरतात." मग त्यांनी विचारलं, "गरम, तेलकट असं काही प्लास्टिकमधून खाता का?"

अपूर्वाच्या डोळ्यांसमोर वाफेने फुगलेलं झाकण आलं.

"नाही," ती म्हणाली.

आपण खोटं का बोललो, हे तिला इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना कळलं. खरं सांगितलं असतं तर त्या वाक्यात बाबांचं नाव घ्यावं लागलं असतं. मुलीला आणि नातवंडाला आपल्याच हाताने हे भरवलं, असं त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्या संध्याकाळी तिने फोन केला. "बाबा, थोडे दिवस डबा नको. वास सहन होत नाही."

"जवळ्याचा होत असेल. मग नुसती पिठी देतो."

"तिचाही होतो."

"बरं," बाबा म्हणाले.

दोन दिवसांनी प्रफुल्ल जेवताना म्हणाला, "अगं, बाबा लालबागला जाऊन नवा मसाला कुटून घेऊन आलेत. मला विचारत होते, कांताच्या हिशेबात धणे जास्त होते की काय? त्यांना वाटतंय चव बिघडली, म्हणून तू टाळतेयस. तू एकदा बोल ना."

"काय बोलू?" अपूर्वा एकदम चिडली. अहवालाचं तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. "तूच सांग, काय बोलू?"

प्रफुल्लने मान खाली घालून भात कालवला. तिने ताट सारलं. भूक होती, पण समोर होतं त्याची नव्हती.

अभ्यासाचा भाग म्हणून डॉक्टर मनाली काही घरांमधली स्वयंपाकघरं बघायच्या. त्या आठवड्यात त्या अपूर्वाकडे आल्या. ओट्याजवळच्या जाळीत प्लास्टिकचे डबे उपडे घातलेले होते. त्यांनी एक उचलून उजेडात धरला. आतून तो नारिंगी-पिवळा झाला होता आणि काठाला गुंडाळलेल्या प्लास्टिकचा तुकडा चिकटून राहिला होता.

"घासूनही जात नाही ना हे?"

"नाही. हळद आणि तेल."

"तुमची हळद प्लास्टिकमध्ये शिरली, ती दिसतेय. प्लास्टिकमधलं आमटीत शिरलं असेल, ते दिसत नाही. एवढाच फरक आहे. ते डब्यातून येतं, झाकणातून येतं की वर गुंडाळतात त्या प्लास्टिकमधून, ते मी आता सांगू शकत नाही. पण गरम आणि तेलकट पदार्थाला यातलं काहीच लागू नये." त्यांनी डबा खाली ठेवला. "यातून जेवण कोण पाठवतं?"

अपूर्वाला रडू आलं. तिने सगळं सांगितलं.

डॉक्टर मनाली ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांची नजर बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाकडे गेली. तिथे स्टीलचे चार डबे एकावर एक रचले होते, लखलखीत पुसलेले. प्रत्येकावर अक्षरं कोरलेली होती : सौ. कांता ज. तांबे.

"हे डबे रिकामे आहेत?"

"आईचे आहेत. ती यातूनच पाठवायची मला. ती गेल्यावर..." अपूर्वा अडखळली. "मी ते चाळीतून घेऊन आले, ते परत केलेच नाहीत. बाबांना म्हटलं, हॉटेलच्या डब्यांतून द्या, परत करायची कटकट नको. खरं म्हणजे मला ते सोडवत नव्हते."

"ताई, एक बोलू? राग मानू नका. तुमच्या आईने हे डबे कपाटात ठेवायला घेतले होते का?" डॉक्टर मनाली शांतपणे म्हणाल्या. "आठवण तुम्ही काचेत ठेवलीत आणि जेवण प्लास्टिकमध्ये. डबे काचेतून काढा आणि जेवण त्यांत भरा की! आणि वडिलांना खरं सांगा. खरं ऐकून त्यांना एकदा वाईट वाटेल. तुम्ही गप्प राहिलात तर रोज वाटत राहील."

अपूर्वा कपाटासमोर उभी राहिली. अरे, खरंच की! बाबांकडे चांगला डबा नव्हता, कारण चारही डबे तिच्याकडे होते!

रविवारी ती आणि प्रफुल्ल डिलाईल रोडला गेले. चाळीच्या गॅलरीत शेजारच्या वहिनी तांदूळ निवडत होत्या. "आली गं बाई माहेरवाशीण! तुझ्या बापाने मसाल्याच्या वासाने सगळा मजला शिंकवला," त्या म्हणाल्या. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी कांताबाईंचा फोटो होता. खाली जमिनीवर प्लास्टिकचे धुतलेले डबे कागदावर ओळीने सुकत होते. मुलीने नको म्हटल्यावरही बाबांनी ते तयार ठेवले होते.

अपूर्वाने पिशवीतून स्टीलचे डबे काढले आणि बाबांपुढे ठेवले. मग सगळं सांगितलं. अहवाल सांगितला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, वासाचा बहाणाही सांगितला.

जगदीशरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तुला..."

"नाही बाबा! तुम्ही जेवण पाठवलंत. प्लास्टिक मी सांगितलं होतं."

ते बराच वेळ वरच्या डब्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले.

"मी मागणार होतो गो हे डबे," ते म्हणाले. "दोनदा फोन हातात घेतला. पण आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू ते छातीशी धरून जिना उतरलीस, ते मी बघितलं होतं. मग मागवेना." वरच्या डब्याचं झाकण चाचपत ते म्हणाले, "तिला रिकामं भांडं फळीवर बघवत नसे. म्हणायची, भांडं फिरलं पाहिजे."

त्यांनी झाकण उघडलं. डबा रिकामा नव्हता. आत शिरा होता, अपूर्वाने केलेला, जागोजागी गुठळ्या झालेला. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला आईनेच शिकवलं होतं.

बाबांनी घास घेतला. "साखर कमी आहे," ते म्हणाले.

"आणि तुमच्या चटणीत मीठ जास्त असतं!"

प्रफुल्ल मोठ्याने हसला. बाबा उठले, त्यांनी कुळथाचं पीठ काढलं आणि पातेलं गॅसवर चढवलं.

नंतरच्या तपासणीत अपूर्वाचं प्रमाण बरंच खाली आलं होतं. शून्यावर आलं नव्हतं. हवेतून, धुळीतून, बाजारातल्या हजार वस्तूंमधून काही ना काही येतच राहतं, आणि ते एकट्या अपूर्वाच्या हातात नाही. त्यासाठी कायदा हवा, कारखान्यांवर नजर हवी आणि आपण सगळ्यांनी ते मागायला हवं. पण गरम आमटी कशात भरायची, हे आपल्या हातात आहे.

वाचकहो, फेकून देता येणारा डबा आपल्याला सोयीचा वाटतो, कारण तो परत करावा लागत नाही. पण परत करायला म्हणून आपण ज्या दारात जात होतो, ते दारही आपण त्याच्याबरोबर टाकून देतो. आपल्या माणसांनी दिलेली भांडी कपाटातून काढा. त्यांतून वाढा, त्यांतून पाठवा. आठवण वापरल्याने झिजत नाही.

अपूर्वाला आईची आठवण अजूनही येते, रोज येते. पण आता दिवसाआड संध्याकाळी दाराची घंटा वाजते, आणि आईचं नाव गरम होऊन तिच्या हातात येतं.