मुरायला चौदा दिवस

मेण ओतल्यापासून चौदा दिवस मेणबत्ती पेटवायची नाही, हा नियम माझा. धाकटी जाऊ त्याला वैतागलेली असायची.

"ताई, चौदा दिवसांत माणूस आजारी पडून उठूनही बसतो. आणि तुमचं मेण नुसतं बसूनच!"

"अजून चार दिवस," मी म्हणाले.

सोयाबीनचं मेण वरून तासाभरात घट्ट दिसतं, पण आत ते सावकाश बसत जातं आणि बसताना सुगंधी तेल धरून ठेवतं. लवकर पेटवलं तर ज्योत नीट जळते, खोलीत वास मात्र भरत नाही. पहिल्या वर्षी मी हे वेगवेगळ्या दिवशी मोजून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी वासाला पाचपैकी दोन गुण, सातव्या दिवशी तीन, दहाव्या दिवशी चार, चौदाव्या दिवशी साडेचार. पुढे आकडा वाढत नाही. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते; वही ठेवल्याशिवाय मला काही करता येत नाही.

जाऊ आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. ओतणं, वाती लावणं, गिऱ्हाइकांशी बोलणं तिचं. वजन, तापमान आणि नाक माझं. दिवसभर तेलाच्या बाटल्यांजवळ वावरून तिला स्वतःच्या नाकाचा भरवसा वाटत नसे. "ताईंचं नाक म्हणजे तराजू," असं ती सगळ्यांना सांगायची. प्रत्येक घाण्यातली एक बरणी चाचणीची असे. ती तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी माझ्या बाथरूममध्ये दार लावून तासभर जाळायची, मग मी आत जाऊन आकडा सांगायचा. बाकीच्या बरण्यांची झाकणं चौदा दिवस कोणी उघडायची नाहीत.

चार महिन्यांपूर्वी मला ताप आला. पाच दिवसांत उतरला. वास गेला तो परत आला नाही.

दूध करपलेलं मला धुरावरून कळलं. प्रयोगशाळेत पाण्याच्या वासाचा रकाना मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून भरून घेऊ लागले. घरी नवरा जेवताना काही बोलला नाही, म्हणजे फोडणी ठीक असावी. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. मी बरं म्हणाले आणि औषधाच्या दुकानात न जाता सरळ घरी आले.

त्यानंतरच्या पहिल्या चाचणीला मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले, ज्योत पाहिली आणि बाहेर आले. जाऊ दाराशीच होती.

"किती?"

"दोन," मी म्हणाले. तिसऱ्या दिवशी दोनच असतात.

खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. मी हात धुऊन वहीत दोन लिहिले.

मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीस बरण्या सांगितल्या. त्यांचा नवा दवाखाना रविवारी उघडणार होता. दवाखान्याला दवाखान्याचा वास नको, आणि पहिल्या तीस पेशंटना एकेक बरणी भेट द्यायची, असा त्यांचा बेत. संत्र्याचा वास निवडला. इतकी मोठी मागणी जावेला प्रथमच मिळत होती. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. "हे जमलं ना, की सासूबाईंना सांगेन, सून नुसती भांडी खरकटी करत नाही म्हणून."

ओतायच्या दिवशी ती फिती आणायला बाहेर गेली होती. मेण मी अडुसष्ट अंशांवर आणलं, तेल वजन करून घातलं, दोन मिनिटं ढवळलं, ती येईपर्यंत बरण्यांत ओतूनही टाकलं. चौदावा दिवस शनिवारी येत होता. बरोबर एक दिवस हाताशी. मधल्या चाचण्यांना मी दोन, तीन, चार असे आकडे सांगितले.

शनिवारी दुपारी ती बरण्यांना फिती बांधत होती. एक झाकण काढून तिने नाक लावलं. दुसरं काढलं. तिसरं.

"ताई, याला वास नाहीये."

"गार मेणाला कमीच येतो."

"कमी नाही हो. नाहीच."

तिने एक बरणी बाथरूममध्ये ठेवून पेटवली. आम्ही बाहेर स्टुलांवर बसलो. तासभर ती फितीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. मग आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

"तुम्ही या," आतून म्हणाली.

मी गेले. ज्योत सरळ होती. वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत सारखं पसरलेलं.

"किती?"

"साडेचार," मी म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग फळीकडे गेली. आमच्या तपकिरी बाटल्या सगळ्या सारख्या. तेलाचे ओघळ लागून चिठ्ठ्यांवरची शाई कधीच पुसली गेली होती. पण झाकण उघडलं की कळायचं, म्हणून नव्या चिठ्ठ्या कोणी लावल्या नाहीत. तापानंतर मी जागेवरून ओळखत होते: संत्रं डावीकडून तिसरं. मेण ओतलं त्याच आठवड्यात तिने फळी पुसून बाटल्या परत लावल्या होत्या.

ती दोन बाटल्या घेऊन आली. संत्र्याची जवळजवळ भरलेली होती. दाट वास पातळ करायला आम्ही वापरतो त्या बिनवासाच्या तेलाची अर्धी रिकामी. पण हे तिने नंतर सांगितलं. आधी एक माझ्या नाकाखाली धरली.

"हे कुठलं?"

मी तिची बोटं पाहत होते.

"आणि हे?"

मी फळीवरच्या रिकाम्या जागा पाहिल्या.

"कधीपासून?"

"तापापासून."

"चार महिने? तू चार महिने मला आकडे सांगत होतीस?" लग्न होऊन आल्यापासून ती मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. "मी विचारत होते गं दाराशी उभी राहून! अगं, नाक गेलं म्हणून मी काय तुला घरातून काढणार होते?"

तिचे डोळे भरले होते. मला ते दिसत होतं. तिने वाकून ज्योत विझवली. वातीतून धुराची रेघ वर गेली.

"धूर तरी येतोय?"

"दिसतोय," मी म्हणाले.

तिने नाक पुसलं आणि फोन लावला. "डॉक्टर, बरण्या उद्या मिळणार नाहीत. नाही, मुरायचा प्रश्न नाही, वासच नाही घातलेला. चूक आमचीच. नव्या करायच्या तर चौदा दिवस... हो, समजू शकते." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "त्या पेशंटना दात घासायचे ब्रश देणार आहेत. आपल्या बरण्या नंतर पाहू म्हणाल्या. म्हणजे नकोच."

मी वही उघडली. प्रयोगशाळेत चुकीचा आकडा खोडरबराने पुसत नाहीत. खालचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारतात आणि शेजारी सही करतात. मी पट्टी घेतली. दोन, तीन, चार. मग मागची पानं उलटली. सात घाणे होते. प्रत्येक आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: वास घेतला नाही.

मागे गॅस पेटल्याचा आवाज आला. तिने नवं मेण चढवलं होतं. थर्मामीटर माझ्यापुढे ठेवला. मी तो मेणात धरला.

"किती झालं?"

"अडुसष्ट."

ती हातातली बाटली ठेवून आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि आकडा स्वतः पाहिला.