सुनेचा काढा

"एका दमात घे. थांबलीस की जास्त कडू लागतो," असं म्हणून सासूबाई पेला रिकामा होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या.

सुनेने नाक दाबून काढा घशाखाली ढकलला. नवरा दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. काढ्याच्या वेळेला त्याची नाडी नेमकी सुटायची.

सून म्हणजे कोपऱ्यावरची वाइंडिंगवाली. पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायची. दुकान तिचं स्वतःचं. पोरगी झाली तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं, एक पुरे. हिला नीट वाढवायची आणि दुकान उभं करायचं. नवऱ्यालाही पटलं. तांबी बसवायला गेली तेव्हा तो सोबत होता, पोरीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला. "आईला मी सांगतो हळूहळू," म्हणाला. पोरगी चौथीत गेली तरी त्याचं हळूहळू काही संपेना. मधल्या मध्ये सासूबाईंनी दुसरं मूल व्हावं म्हणून काढा सुरू केला. कुठून कुठून मुळ्या आणायच्या, पहाटे उठून उकळत बसायचं. त्यांच्या मायेला नाही म्हणणं सुनेच्या जिवावर यायचं. आज ना उद्या हा सांगेलच, म्हणून ती पीत राहिली.

त्या दिवशी पोरगी शाळेतून थेट दुकानात आली. दप्तर टाकून स्टुलावर बसली.

"आई, तुझ्यात बिघाड आहे?"

"कोण म्हणालं?"

"आजी. शेजारच्या काकूंना सांगत होती. बिचारीत बिघाड आहे, पण मी बरी करीन तिला, म्हणाली."

वाइंडिंगवालीच्या हातातली तार तुटली. असं तिचं फारसं होत नसे. राग आला, पण तो सासूबाईंचा नव्हता. दिवसभर लोकांच्या यंत्रांतले बिघाड काढायचे आणि संध्याकाळी आपणच एक बिघाड होऊन घरी जायचं, हे तिला सोसवेना. वर पोरीनेही तेच ऐकत मोठं व्हायचं.

संध्याकाळी ताटं वाढल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. "रविवारी हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. नुसत्या काढ्याने भागत नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"बघू," तो म्हणाला.

"बघायचं काही नाही," ती म्हणाली. "आई, माझ्यात बिघाड नाही. मला दुसरं मूल नकोय. आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं, मी तांबी बसवून घेतली. तुम्हाला सांगतो, असं हे म्हणाले होते."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "खरं का रे?"

त्याने ताटात बघतच मान हलवली.

"म्हणजे मी रोज पहाटे उठून..." सासूबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. मग कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "ठरवता येतं होय असं? मला सहा झाली. कुणी विचारलंसुद्धा नाही."

आणि अर्धं ताट उचलून आत गेल्या. एकदाचं बोललं की मोकळं वाटेल, असं सुनेला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. एका म्हातारीला इतके दिवस फसवलं, याची तिला लाज वाटली.

सकाळी जाग आली तीच काढ्याच्या वासाने. कालचं सगळं बोलणं वाया गेलं म्हणायचं. ती गुमान ओट्याशी गेली. सासूबाईंनी काढा गाळला, पेला भरला. सवयीने तिचा हात पुढे झाला. पण त्या तिला ओलांडून दाराकडे गेल्या आणि नाडी बांधत बसलेल्या मुलासमोर पेला धरला.

"घे."

"मी?"

"एका दमात घे. थांबलास की जास्त कडू लागतो."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती डब्याचं झाकण लावत होती. त्याने पेला तोंडाला लावला, निम्म्यावर थांबला. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं.

"एवढा कडू असतो?"

 सुनेने दुकानाच्या किल्ल्या घेतल्या. सासूबाई पेला रिकामा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.