एकोणीस वर्षांची काकडी

गेली एकोणीस वर्षं माझ्या वाट्याला काकडी आहे.

वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीत, आमचं सगळं कुटुंब दादाकडे दुपारच्या जेवणाला जमतं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सुना, जावई, पोरंटोरं धरून यंदा एकतीस जण होतो. टेबलाच्या मधलं, मुख्य पदार्थाचं मोठं पातेलं वहिनींचं; त्यात दुसऱ्या कोणी डाव घालायचा नाही. भाज्या आणि ताटाच्या कडेचं बाकी सगळं मात्र वाटून दिलेलं असतं. धाकट्या भावाच्या बायकोकडे भोपळा, दादाच्या सुनेकडे कोबी, पुतणीकडे गाजरं. आणि माझ्याकडे? "तू आपली काकडी आण. तुला कशाला उगाच त्रास?" हे वहिनी इतक्या मायेने म्हणतात की भांडायलासुद्धा जागा उरत नाही.

याचं मूळ एकोणीस वर्षांपूर्वीच्या फरसबीत आहे. ती मी याच घरात, याच गॅसवर केली होती. ऐन वेळी माझ्या बस डेपोतून फोन आला. पुलावर एक गाडी आडवी होऊन बंद पडली होती आणि मागे रांग लागली होती. कुठली गाडी कुठून वळवायची ते मी फोनवर सांगत राहिले, आणि इकडे फरसबीचा कोळसा झाला. शेकडो माणसं वेळेवर घरी पोचली, त्याचं कोणाला काही नाही. दादाने गोष्ट केली ती फरसबीची. दरवर्षी जेवताना तो ती तिखटमीठ लावून सांगतो. आधी धूर फक्त स्वयंपाकघरात होता. मग तो शेजाऱ्यांकडे गेला. गेल्या वर्षी अग्निशमन दलाचा बंब आला. बंब कधीच आला नव्हता, हे मी सांगून पाहिलं. पण बंबामुळे गोष्टीला मजा येते, असं सगळ्यांचं मत पडलं.

मी हसते. पण मला ते लागतं. चौतीस वर्षं मी शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावली, आणि माझ्याच माणसांना मला गॅससमोर उभं करायची भीती वाटते.

यंदा वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तीन आठवडे आधी त्यांचा फोन आला. "अगं, कोणी काय करायचं ते यंदा तूच लिहून काढ. तुला कागदांची सवय आहे." मला त्यांच्या हाताचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण फोन ठेवल्यावर मी आधी पट्टी आणि पेन्सिल शोधली.

त्या रविवारी सकाळी दादाकडे जेवणाच्या टेबलाभोवती दादा, वहिनी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि पुतणी बसली होती. पुतणी दातांची डॉक्टर आहे, घरात तिला सगळे 'दाढ' म्हणतात. मी टेबलावर कागद उलगडला. चार बर्नर, एक ओव्हन, सात पदार्थ. भोपळा अकरा दहाला दोन नंबरच्या बर्नरवर चढणार, अकरा पस्तीसला उतरणार, मग तिथे कोबी. बटाटा कुठेच नव्हता. बटाटा ही माझ्या मते भाजी नाही, पळवाट आहे.

"आणि मध्ये सिग्नल लागला तर?" धाकट्या भावाने विचारलं.

"हस तू. चौतीस वर्षांत माझी एक फेरी रद्द झाली नाही. का, माहितीये? राखीव गाडी. नेहमीची गाडी सुटेपर्यंत डेपोत दुसरी एक तयार उभी असते. टाकी भरलेली, ड्रायव्हर बसलेला."

"मग पहिल्या ड्रायव्हरला काय वाटत असेल?" दाढ म्हणाली.

"त्याला सांगायचंच नाही. सांगितलं की त्याचे हातपाय गळतात. नेहमीची गाडी सुटली की राखीव गाडी गुपचूप आत." मी रंगात आले होते. आमच्या घरात माझ्या कामाबद्दल इतकं लक्ष देऊन कोणी कधी ऐकलं नव्हतं.

मग दादाने चष्मा लावून कागद खालपर्यंत वाचला. "फरसबी," तो म्हणाला, आणि पुढे माझं नाव वाचून थांबला.

धाकट्याची बायको खोकली. वहिनींनी प्लास्टरवरून उगाच हात फिरवला. "अगं, पण मग काकडी?"

"काकडी यंदा नाही," मी म्हटलं.

कोणी विरोध केला नाही. राखीव गाडीचं तेवढं पुन्हा एकदा समजावून सांग, असं मात्र दादा म्हणाला. मला वाटलं, चला, यांना निदान माझ्या कामाची किंमत कळली.

सुट्टी येईपर्यंत मी घरी चार वेळा फरसबी केली. शेंगा कोवळ्या, शिरा काढलेल्या, तिरक्या चिरलेल्या. कढई उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही, दाराची घंटा वाजली तरी. चौथ्या वेळची अशी झाली की मी एकटीच 'वा' म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी शेंगा पिशवीत भरल्या, आणि मग माझा हात आपोआप काकड्यांकडे गेला. साल पट्ट्यापट्ट्यांनी काढायची, चकत्या पातळ कापायच्या, लिंबू पिळायचं, मीठ टाकायचं. डबा भरला आणि पिशवीच्या तळाशी, रुमालाखाली ठेवला. मला माझी लाज वाटली, पण डबा काढून ठेवला नाही.

दादाकडे भोपळा सात मिनिटं उशिरा चढला, एवढंच. फरसबीला तीन नंबरचा बर्नर होता. मी फोन बंद करून कढईसमोर उभी राहिले ती गॅस बंद होईपर्यंत. हिरवीगार, तुकड्यातुकड्याला तेल लागलेली, कुठे डाग नाही.

मग टेबल मांडायला सुरुवात झाली आणि धाकट्याच्या बायकोने भोपळ्याशेजारी हळूच एक झाकलेलं भांडं ठेवलं. उकडलेले बटाटे. "सहज आणले हो, ताई." दादाच्या सुनेने ओव्हनमागून भाजलेले बटाटे काढले. तिच्या आईने दह्यातले. दाढ मान खाली घालून तळलेले घेऊन आली. वहिनींनी, एका हाताने, कुस्करलेले केले होते.

पाच प्रकारचे बटाटे! मी एकेकीकडे पाहिलं. कोणी माझ्याकडे बघेना. राखीव गाड्या होत्या त्या, एका फरसबीमागे पाच. आणि पहिल्या ड्रायव्हरला सांगायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. रडावं असं वाटलं. मग पायाशी ठेवलेल्या माझ्या पिशवीची आठवण झाली आणि रडायचाही हक्क राहिला नाही.

पानं वाढली. दादाने घसा खाकरला आणि गोष्ट सुरू केली. धूर निघाला, शेजारी धावले, इतक्यात त्याच्या तोंडात माझी फरसबी गेली. तो थांबला. त्याने आणखी एक घास घेतला. मग काही न बोलता तिसरा.

"पुढे सांगा ना, आजोबा, बंब!" पोरं ओरडली.

"हां, तर मग बंब आला," दादा म्हणाला, आणि त्याने फरसबीचं भांडं स्वतःकडे ओढलं. गोष्ट पुरी होईपर्यंत त्याने निम्मी संपवली होती. उरलेली धाकट्याने नेली आणि तळ वहिनींनी खरवडला. छान झाली, असं मात्र कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर गोष्टीचं काय करायचं?

इतक्यात वहिनी ताटावर नजर फिरवून म्हणाल्या, "काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय."

"काकडी," धाकटा भाऊ म्हणाला.

मग सगळ्यांनाच आठवलं. दादाच्या सुनेने सांगितलं की तिच्या घरी तशी पातळ कोणाला जमत नाही. जावयाने लिंबाचं कौतुक केलं. दादा तर चक्क हळवा झाला. "तुझ्या काकडीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही गं," तो म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या पायाला डबा लागत होता. वाकून काढला असता तर टेबलावर आनंदीआनंद झाला असता, आणि फरसबी पुन्हा एकोणीस वर्षांसाठी विसरली गेली असती. वर माझाच माझ्यावर विश्वास नव्हता, हे एकतीस जणांना कळलं असतं.

"नाही आणली," मी म्हटलं, आणि पिशवी पायाने आणखी आत सरकवली.

चार वाजता दाढ मला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. पिशवी तिच्याकडे होती. "आत्या, इतकी जड का गं?" म्हणत तिने रुमाल बाजूला केला आणि डबा उघडला. मी रस्त्याकडे पाहत राहिले.

"तू आणली होतीस?"

"राखीव होती," मी म्हटलं. "नेहमीची गाडी सुटली. मग बाहेर कशाला काढायची?"

ती हसली नाही. बाकावर बसली, डबा दोघींच्या मध्ये ठेवला आणि एक चकती तोंडात टाकली. मीही एक घेतली. इतकी वर्षं वाढताना मी ती नीट खाल्लीच नव्हती. चांगली होती. त्या सगळ्यांचं बरोबर होतं, याचा मला रागच आला.

"मी पण बटाटे आणले होते," ती म्हणाली. "सॉरी."

"पाहिले मी."

बस दिसेना. चार मिनिटं उशीर. माझ्या वेळी हे झालं नसतं. आम्ही डबा जवळजवळ संपवला.

"आत्या, फरसबी फार छान झाली होती हं."

"खरंच?" मी विचारलं.

"खरंच," ती म्हणाली, आणि शेवटची काकडीची चकती उचलली.